इथे डबा नाही

मी डबा बोलतोय. जरा दबक्या आवाजात बोलतोय, कारण माझ्या डोक्यावर एक भलीमोठी शिळा आहे आणि तिचा मला भरवसा वाटत नाही.

जन्माने मी स्वयंपाकघरातला. जाड प्लास्टिकचा, चारही बाजूंना कड्या, झाकणाला आतून रबर. एका चष्मेवाल्याच्या घरी मी साखर सांभाळायचो. मुंग्यांनी माझ्यापुढे हात टेकले होते आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. मग एका सुट्टीच्या सकाळी चष्मेवाल्याने साखर परस्पर दुसऱ्या बरणीत ओतली, मला धुऊन पुसून पाठपिशवीत कोंबलं आणि त्याच्या बायकोला पत्ता लागेपर्यंत आम्ही दोघं बसमध्ये बसलोही होतो.

त्याला एक नाद होता. काही माणसं अशा डब्यांत वही-पेन्सिल आणि बारीकसारीक वस्तू घालतात, डबा कुठेतरी लपवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. दुसरी माणसं फोन हातात धरून तो शोधत येतात. सापडला की वहीत नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. खेळ एवढाच. पण त्यापायी माणसं सुट्टीच्या दिवशी गुडघे फोडून घेतात आणि वर खूश होतात.

चष्मेवाला या खेळात नावाजलेला होता. दुकानात दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" विचारणारा हा माणूस, सुट्टी आली की लोकांना काही दिसू नये म्हणून धडपडायचा. त्याचा गाजलेला डबा एका पाटीमागे होता. पाटीवर त्यानेच लिहिलं होतं, "काम चालू आहे, पुढे जाऊ नये." कित्येक जण ती वाचून निमूट परत गेले. ज्यांनी पाटीमागे हात घातला त्यांनाच तो मिळाला. तेव्हापासून शोधणाऱ्यांत ठरूनच गेलं की चष्मेवाल्याच्या लिहिण्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मला मात्र त्याने साधेपणाने लपवलं. डोंगरात जिथे पायवाट संपते आणि पुढची वाट आपली आपणच काढायची असते, तिथे खिंडीच्या वर एक सपाट जागा आहे. तिथल्या दाट झुडपाखाली त्याने मला ठेवलं. दरी बरीच लांब होती. इथे कोणी घसरायचं नाही, असं तो स्वतःशीच म्हणाला होता.

लोक येऊ लागले. मला उघडून हसायचे, वाऱ्यात बसून घरून आणलेले डबे खायचे. आतली चांगली वस्तू घेऊन तुटकं बटण ठेवायचे, ते सोडा. पण जाताना जवळजवळ प्रत्येकाला वाटायचं की आपल्याला जरा लवकरच सापडला. पुढच्याला थोडा घाम फुटू दे. मग कोणी मला झुडपातून काढून दगडाआड ठेवलं, कोणी त्या दगडाआडून पलीकडच्या खबदाडीत. प्रत्येकाने हातभरच सरकवलं. चष्मेवाल्याने दिलेले आकडे झुडपापाशीच राहिले आणि मी सरकत सरकत दरीकडे निघालो. डोंगरकड्यांमध्ये फोनही नेमकी जागा दाखवत नाही, त्यामुळे माणसं आसपासचं सगळंच धुंडाळत यायची. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

शेवटी आला तो धिप्पाड गडी. सोबती त्याला पैलवान म्हणत होते. कड्याच्या टोकाला अर्धी बाहेर झुकलेली ही शिळा त्याने हेरली. तिच्याखाली लहान दगड गच्च बसलेले होते. शिळा त्यांच्यावरच तोललेली होती. पैलवानाने ते एकेक करून उपसले, मला आत सारलं आणि तेच दगड माझ्यापुढे नीट रचले.

"आता शोधा म्हणावं," तो हात झटकत म्हणाला.

ते गेल्यावर शिळा कुरकुरली. तिने अंग सोडलं आणि माझं झाकण दबलं. मी नुसता डबा आहे. शिळा पेलणं हे माझं काम नव्हे. एवढ्या उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत तिच्यामागच्या भेगेत पाणी शिरून गोठलं, फुगलं आणि तिला आणखी पुढे ढकललं. तेव्हापासून मी भीत आलो आहे.

डबा सापडत नाही अशा तक्रारी गेल्या तेव्हा चष्मेवाला स्वतः आला. या खेपेला बायकोही बरोबर होती. झुडूप पाहून झालं, खबदाडी पाहून झाल्या, मग त्याची नजर रचलेल्या दगडांवर गेली. ते बाजूला करून तो शिळेवर पालथा पडला आणि त्याने कडेवरून हात खाली घातला. त्याची बोटं मला लागली. तेवढ्यात शिळा डुलली.

"अहो, मागे या," बायको म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता.

"लागलाय हाताला. जरासाच राहिलाय."

"साखरेचा डबा आहे तो. त्याच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. तुमच्यावाचून अडेल."

तो मागे आला आणि कितीतरी वेळ डोकं धरून बसला. मला इंटरनेटवरून आजच काढून टाकतो म्हणाला. पण इथे रेंज नसते, म्हणून लोक जागा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवतात. त्यांना कोण सांगणार? माझ्या डब्यापायी कोणाचा जीव गेला तर मी चष्मे विकत बसू कसा, असं तो बायकोला विचारत होता.

पुढच्या सुट्टीला तो रंग घेऊन आला. शिळेच्या अलीकडे जो उभा कातळ आहे, त्यावर त्याने लिहिलं: "इथे डबा नाही. शिळा सुटली आहे. मागे फिरा." अक्षरं एवढी मोठी की चष्मा घरी विसरलेल्यालाही वाचता यावीत. बायको मागून त्याचा कोट घट्ट धरून उभी होती. ते उतरून गेले तेव्हा मला बरं वाटलं. माणसं वाचतील आणि परत जातील, असं मी धरून चाललो.

आज दोघी आल्या आहेत. आई शिवणकाम करते, लेक नुकतीच नोकरीला लागली आहे. दोघींच्या गप्पांतून एवढं कळलं. आत्ता त्या कातळासमोर उभ्या आहेत.

"चष्मेवाल्याचं अक्षर," लेक म्हणाली. "ती पाटी आठवते ना, आई?"

"आठवते तर. तिथून आपण परत गेलो होतो."

"इथे नाही लिहिलंय, म्हणजे इथेच आहे."

दोघी हसल्या. बायांनो, या वेळी तो खरं लिहून गेलाय. हा सापळा आहे आणि त्यातलं आमिष मी आहे. मला कोणी शोधू नका, माझ्यात तुटक्या बटणांखेरीज काही नाही. मी जीव तोडून सांगतोय, पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत जात नाही.

"तू मागेच थांब," आईने पिशवी उतरवत म्हटलं. "तुझ्यापेक्षा मी हलकी आहे. आधी मी बघते."

ती शिळेवर पालथी पडली. माझ्या झाकणावर माती गळू लागली. तिचा हात चाचपडत आत आला आणि माझ्या कडीला लागला.

"सापडला गं," ती मागे वळून म्हणाली, आणि लेक धावत शिळेवर आली.