दुधाची रेघ

वैशाख होता. पेणच्या खाडीकाठी मिठागरं तापली होती आणि त्या निर्विकार, निर्दय शुभ्रतेवर ऊन असं झगमगत होतं की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी. भोगावतीचं पाणी खोल, मंद, मौन झालं होतं. वाऱ्याला मिठाचा वास होता, सावल्यांना उन्हाचा. आणि गावातल्या गणपतीच्या कारखान्यांत ओळीनं मूर्ती बसल्या होत्या. पीतांबर झाले होते, मुकुट झाले होते, सोंडेवरची नक्षीसुद्धा झाली होती. डोळे तेवढे व्हायचे होते.

डोळ्यांची आखणी म्हटली की वामनदादांच्या कारखान्यात एकच नाव, इंदुमती म्हात्रे. अहो, काय तो हात! श्वास रोखायचा, कुंचला टेकवायचा, एका रेघेत वरची पापणी, एका रेघेत खालची. मग कृष्णवर्ण बुबुळ आणि त्यात तिळाएवढा प्रकाश. क्षणापूर्वी शाडूची माती असलेलं ते मुख एकाएकी बघू लागायचं. लोक म्हणायचे, गणपती घडवणारे पुष्कळ आहेत, पण त्याला बघायला लावावं ते इंदूताईनंच.

दिवाळीनंतर त्या हाताला कंप सुटला. आधी वाटलं अशक्तपणा, मग वाटलं वय, मग वाटलं कुणाची तरी दृष्ट. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. कंप हटेना. वरणाची वाटी ओठांशी येईतो अर्धी पदरावर सांडायची. तरी बाईनं एकच हट्ट धरला होता, यंदाची आखणी मीच करणार. ती गेली तर मी उरते कशाला, असं ती स्वतःशी म्हणायची.

लेक केतकी पुण्याहून रजा घेऊन आली. कॉफीवर दुधाची नक्षी काढतात, ती घरीच करू, हे खूळ तिचं. म्हणाली, "बोटं मोकळी होतील गं आई. कुंचला नको, रंग नको. चुकलं तर पिऊन टाकायचं."

चुकलं तर पिऊन टाकायचं! इंदुमतीला खुदकन हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं. हात वळेल, हात वळला की रेघ वळेल, रेघ वळली की आखणी आपलीच. वेडी आशा, दुसरं काय!

दोघी पनवेलला गेल्या. दुकानात कपांची मांदियाळी होती: मेघश्याम कप, मोरपंखी कप, सोनेरी काठांचे, उंच, उभट, अरुंद गळ्याचे. दुकानदार एकेक काढून दाखवी, आणि इंदुमती मान हलवी. उभट कपात दूध बुडून जाईल. आतून रंगीत असेल तर कॉफीचा रंग खुलणार कसा? तिला हवा होता पसरट तोंडाचा, गोल तळाचा, आतून निव्वळ पांढरा. अखेर तसा मिळाला. कमलदलासारखा पातळ, हलका, चिमुकल्या कानाचा. तिनं तो उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसली. परत बशीवर टेकवताना कप किणकिणत राहिला.

केतकीनं तो कप परत फळीवर ठेवला. त्याच आकाराचे दुसरे दोन उचलले: जाड काठाचे, जड बुडाचे, चार बोटं आरपार जातील एवढ्या मोठ्या कानाचे. आजारी माणसाचे कप. इंदुमतीनं ते पाहिलं, आणि लेकीला सगळं माहीत आहे हेही पाहिलं.

मग बाकीचं घेतलं. गॅसवर दाट कॉफी काढायचं भांडं, दूध घुसळायची बॅटरीवरची रवी, टोकदार चोचीचा स्टीलचा जग. आणि फेसावर रेघ ओढायची एक बारीक सळई. ती सळई मात्र इंदुमतीनं स्वतः निवडली. टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं, कुंचल्याचं टोक पाहायची तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर कॉफी दरवळली. दूध घुसळलं, जग दोनदा आपटून मोठे बुडबुडे फोडले, दूध रेशमासारखं झालं. केतकीनं कप तिरका धरला. इंदुमतीनं जग उचलला. हात थरथरला, म्हणून दूध थरथरलं. दूध थरथरलं, म्हणून लाट उठली. लाटेवर लाट, लाटेत लाट, आणि त्या तपकिरी अंधारात बघता बघता नेच्याचं शुभ्र, सुकुमार, कातीव पान उमललं.

"आई! अगं आई, बघ तरी!" केतकी नाचायचीच राहिली. "मनगट असंच हलवायचं असतं. लोकांना महिनोन्‌महिने जमत नाही. तुझा हात आला गं परत!"

इंदुमती पानाकडे बघत राहिली. पान सुंदर होतं, यात शंका नव्हती. पण शेवटी मधून एक सरळ धार सोडायची, देठाची, ती तिला सोडता आली नव्हती. धार वाकडी गेली होती, काठावरून ओट्यावर सांडली होती.

"हे मी नाही काढलं," ती म्हणाली.

"मग कुणी काढलं?"

"ज्यानं माझा हात नेला, त्यानं."

इंदुमतीनं दुसरा कप पुढे ओढला. नुसता फेस ओतून घेतला, पांढरा, सपाट, मूर्तीच्या कोऱ्या मुखासारखा. सळई काळ्या कॉफीत बुडवली. श्वास रोखला. डाव्या हातानं उजवं मनगट आवळून धरलं, आणि वरची पापणी ओढायला घेतली.

रेघ निघाली. रेघ तुटली. पुन्हा निघाली, पुन्हा फाटली, भलतीकडे गेली. बुबुळाचं टिंब ठेवायला गेली तर फेसाला भोक पडलं. डोळा झालाच नाही. झाली नुसती जखम. तिनं सळई खाली ठेवली. रडली नाही. रडण्याच्या पलीकडे एक कोरडं गाव असतं, तिथे ती जाऊन पोचली होती.

"वामनदादांना फोन लाव," ती म्हणाली. "म्हणावं, आखणीला दुसरं कुणी बघा."

"आई, अजून वेळ आहे. अजून—"

"लाव म्हणते ना."

केतकीनं फोन लावला. बोलली, ऐकलं, ठेवला. मग तिनं तो जड कप दोन्ही हातांनी उचलला आणि आईच्या ओठांशी नेला. इंदुमतीनं डोळे मिटले. ती तो फाटका डोळा प्यायली, ती तुटकी पापणी प्यायली, घोटाघोटानं, निमूट, तळापर्यंत. कप रिकामा झाला. केतकीनं तो खाली ठेवला, पदरानं आईचे ओठ पुसले, हळूच हाक मारली. श्वास चालला होता, पण इंदुमतीनं डोळे उघडले नाहीत; आखणी व्हायच्या मूर्तीसारखी बसून राहिली.