सगळ्यांची बादली

मी एक जुनी बादली आहे, जस्ताच्या पत्र्याची. मित्रांनो, माझ्या बुडाला दोनदा डाग दिलेला आहे, कडी एका बाजूने तारेने बांधलेली आहे आणि अंगावर पोचे किती आहेत ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं आहे. वय विचाराल तर तेही सांगता येणार नाही. थकले आहे, एवढं मात्र खरं.

दौंडच्या बाजारात एका दुकानापुढे मला उलटी टांगली होती. मांडवगण फराट्याचे म्हाळूआबा आले, त्यांनी मला बोटांनी वाजवून पाहिलं, उन्हाकडे धरून कुठे भोक आहे का ते पाहिलं आणि घरी आणलं. त्यांच्याकडे शेवंता नावाची वरातीची घोडी होती. तेव्हापासून शेवंता जिथे गेली तिथे मी गेले. टेम्पोच्या मागच्या हुकाला लटकून मी दोन तालुक्यांतली सगळी मंगल कार्यालयं पाहिली. नवरदेवांचे मात्र मी फक्त बूटच पाहिले. माझा सगळ्यात मोठा पोचा एका लठ्ठ नवरदेवाचा आहे. त्याला घोडीवर चढता येईना, तेव्हा मला पालथी घालून माझी पायरी केली होती.

आबांची एक रीत होती. वरातीला कुणाचंही जनावर आलं की त्याला माझ्यातून पाणी मिळायचं. लहानपणी त्यांनी आपल्या वडिलांना विहिरीवर ओंजळ पसरून उभं राहिलेलं पाहिलं होतं. कुणीतरी वरून पाणी ओतेल तेव्हा प्यायचं, नाहीतर तसंच थांबायचं. ते आबा विसरले नव्हते. त्यामुळे त्यांच्या दारात पाण्याला नकार नव्हता. पुढेपुढे तर बाकीचे घोडेवाले बादली आणेनासेच झाले. "म्हाळूआबाची बादली हाय की," म्हणायचे आणि हात हलवत यायचे. मी सगळ्यांची आहे, याचा मला फार अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी जनावरांच्या डॉक्टर सुषमाताई वस्तीवर आल्या होत्या. घोड्यांमध्ये फ्लूची साथ येते, आधीच लस टोचून घ्या, महिनाभराने दुसरा डोस घ्या, असं त्यांनी सांगितलं. आबांनी मान हलवली. "घेतो म्याडम, पर हंगाम आटपू द्या. सुई टोचली की घोडी मान जड करती, वरातीत नाचत न्हाई." हंगाम आटपला, पुढचा आला. लस राहूनच गेली.

यंदा वैशाखात वरवंडला एकाच दिवशी तीन वराती होत्या. ऊन मी म्हणत होतं. दत्ता नावाच्या घोडेवाल्याचा घोडा खोकत होता आणि त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. "हायवेची धूळ गेलीया नाकात," दत्ता म्हणाला. आबांनी नेहमीप्रमाणे मला पुढे केलं. घोड्याने माझ्यात तोंड घातलं, घटाघटा पाणी प्यायला आणि दोनदा जोरात फुरफुरला. उरलेलं पाणी शेवंताने संपवलं. मला काही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मला कुठे बोलता येतं?

तिसऱ्या दिवशी शेवंताला ताप चढला. तिला कोरडा खोकला लागला आणि समोरच्या कडब्याकडे ती बघेना. सुषमाताईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "फ्लूच आहे, आबा. आता लस देता येणार नाही, ती आधी घ्यायची असते. तिला पूर्ण विश्रांती हवी. तीन आठवडे तरी वरात नाही. ही सावरेल, पण पाखऱ्याला जपा." पाखऱ्या म्हणजे शेवंताचं दहा महिन्यांचं शिंगरू. अजून ते ठणठणीत होतं, दावं ओढून नुसत्या उड्या मारत होतं. "त्याला लांब बांधा," सुषमाताई म्हणाल्या, "आणि त्याचं पाणी वेगळं करा."

आबा एकदम ताठ झाले. "म्याडम, दुसरं कायबी सांगा. पानी येगळं म्हनू नका."

"आबा, हा आजार बादलीतूनही पसरतो."

"माझ्या बापाचं पानी येगळं हुतं, जल्मभर. माझ्या दारात मी कुनाचं पानी येगळं करनार न्हाई. ही तर मायलेकरं हायती."

सुषमाताईंना ते समजलं, म्हणून त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या नसत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. औषध देऊन त्या निघून गेल्या. आबांनी पाखऱ्याला लांब लिंबाखाली बांधलं. तेवढं ऐकलं. मग शेवंताला पाणी पाजलं आणि मलाच उचलून, प्रेमाने, पाखऱ्याकडे घेऊन गेले. दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी पाखऱ्या खोकला.

त्या दुपारी आबांची सून करुणा कुरकुंभहून पहिली शिफ्ट करून आली. ती तिथे औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पाखऱ्याच्या तोंडापुढे मला पाहून तिने हातातली पिशवी खाली टाकली.

"आबा, दोघांना ह्याच बादलीनं पाजता?"

करुणाने मला ओढून बाजूला ठेवलं आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "आमच्या कंपनीत दर खोलीची बादली निराळी असती. कुनाला कमी लेखाया न्हाई, आजार फिरू नये म्हनून. आन् ह्याला येगळं पानी नगा म्हनू, आबा. हक्काचं म्हना. तुमच्या वडलांनी तरी काय मागितलं हुतं? सोताच्या हातानं घ्यायचं, सोताचं पानी."

आबा उठले, गावात गेले आणि प्लास्टिकची एक लाल बादली घेऊन आले. पाखऱ्या त्या बादलीतून चार घोट प्यायला. पण आजार त्याच्या फुप्फुसात उतरला होता. सुषमाताई रोज येऊन इंजेक्शन देत होत्या. पाचव्या दिवशी, भर दुपारी, आबांच्या मांडीवर डोकं ठेवून पाखऱ्या गेला.

"माझ्याच हातानं पाजलं गं त्याला," आबा करुणाला म्हणाले. तिने त्यांचा हात धरून ठेवला. मी भिंतीशी पालथी पडून होते. मला कुणी दोष दिला नाही, पण मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

शेवंता हळूहळू बरी झाली. ती पूर्ण सावरल्यावर आबांनीच सुषमाताईंना बोलावलं आणि घरोघर फिरून घोडेवाले गोळा केले. ज्याने त्याने आपापली बादली आणायची, असं बजावलं. करुणाने माझ्या अंगावर रंगाने 'शेवंता' असं लिहिलं. आता मी सगळ्यांची राहिले नाही. आधी ते जड गेलं, पण आता या वयात एकटीलाच पाणी पाजणं बरं वाटतं.

लस टोचायच्या वेळी दत्ता घोडा धरून मागेच उभा राहिला. "आबा, सुईनं घोडं मान जड करतंय म्हनं?"

"व्हय, करतंय येक-दोन दिस," आबा म्हणाले. "पर मान उचलतंय पुन्हा. माझ्या पाखऱ्यानं न्हाई उचलली."

दत्ता घोडा पुढे घेऊन आला.

मित्रांनो, तहानलेल्याला पाणी द्या, नाही म्हणू नका. पण ज्याचं भांडं त्याला द्या आणि जनावरांना लस वेळेवर टोचून घ्या. मी साधी बादली, मला एवढंच कळतं. तेही एका शिंगराला पाणी पाजून झाल्यावर कळलं.