पाचवा वाटा

आमच्यासारख्या लहान कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती कुणाच्याच नशिबी नसते. संघाला मिळेल तेवढी रक्कम आमच्या कोच हॉगनबाई आम्हां धावपटूंत वाटून देत. मग नियम बदलले, मोठ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांसाठी हात सैल सोडण्याची मुभा मिळाली आणि आमच्यातला सर्वांत वेगवान किप तिकडे निघून गेला. त्याला दोष कसा द्यावा?

उरलो चौघे. क्रॉस-कंट्रीत, म्हणजे रानावनातल्या लांब शर्यतीत, पाच जण शेवटपर्यंत पोहोचल्याशिवाय संघ धरत नाहीत. पुरेशा शर्यतींत धरला गेला नाही, तर खेळ बंद आणि शिष्यवृत्तीही. मग माझ्यापुढे गावाकडचा टर्की पक्षी कापण्याचा कारखाना होता, जिथे वडिलांची बोटे वाकडी झाली.

हंगामभर फुटबॉलच्या संघातून उसना आणलेला एक गडी पाचवा म्हणून रखडत धावला. आकडा पुरा व्हायला एकच शर्यत कमी होती, आणि त्या शेवटच्या शर्यतीच्या सकाळी त्याला ताप भरला.

"कोच, तुम्हीच दाढी लावून पळा," आमचा कप्तान ऑर्व्ह म्हणाला. त्या हसल्या नाहीत.

नदीकाठच्या झाडीत शिरलो तेव्हा धुके इतके दाट होते की पुढच्याची पाठही दिसेना. अशा वेळी आम्ही पुढून मागे आकडे पुकारत जातो, कुणी चुकू नये म्हणून. ऑर्व्हने एक म्हटले, डेनने दोन, रूबेनने तीन. सर्वांत मागे मी. मी चार म्हटले.

"पाच," माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणाले.

तो आवाज किंचितही दमलेला नव्हता. गोठलेल्या गवतावर माझीच पावले करकरत होती. धावताना मागे पाहू नये असे कोच शिकवतात. मी मागे पाहिले नाही, पण त्या शिकवणीखातर नव्हे. मला कारखाना आठवत होता, आणि मागे जे कोणी होते, ते मला हवे होते.

शेवटच्या रेषेपाशी पंच प्रत्येकाच्या हाती तो कितवा आला त्या क्रमांकाचे कार्ड ठेवतात. कोचनी आमची कार्डे गोळा केली आणि बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिल्या. कार्डे पाच होती. एक भिजून काळे पडले होते. पंचांना विचारले, तर ते म्हणाले की तुमचा शेवटचा मुलगा फार गारठला होता, त्याला काहीतरी पांघरायला द्या.

संघ धरला गेला.

वसंतात कोचनी पुढच्या वर्षाचे पाच वाटे सांगितले. माझा बराच आटला होता.

"कोच, मोजायला चुकलात. आम्ही चौघंच आहोत," ऑर्व्ह म्हणाला.

"चुकले नाही. धुक्यात तो धावलाय, ऑर्व्ह. फुकट राबवायचं का त्याला?"

कुणीच हरकत घेतली नाही. संध्याकाळी भांडी घासण्याचे काम धरून मी उरलेली फी भरतो आहे. कारखान्यात जावे लागले नाही. न वापरलेली रक्कम सत्राअखेरीस कॉलेजकडे परत येते. पाचव्या वाट्यातले काहीही परत आलेले नाही.