दुसऱ्याच्या अक्षरातल्या वह्या

डॉक्टर ओफेलिया बार्बाखेलाता यांच्या नावलौकिकात माझा वाटा म्हणजे अकरा वर्षांत तीन हजार मासे. सांता लुसिया नदीच्या दलदलीत विजेचे बारीक ठोके देणारा एक मासा मिळतो. तो मी पकडायचा आणि त्याच्या मेंदूत काय चालतं ते बाईंनी शोधायचं, अशी आमची वाटणी. मोन्तेव्हिदेओच्या वैद्यक विद्यालयात बाईंना जागा मिळाली ती तळघरात. तिथे त्यांनी भंगारात निघालेल्या जहाजाच्या रेडिओतून ठोके टिपणारं यंत्र जुळवलं आणि देशातली मेंदूची पहिली प्रयोगशाळा सुरू केली. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक तिला 'मासळीबाजार' म्हणत.

काम करताना बाईंचे हात कोपरापर्यंत पाण्यात आणि नजर पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर. ओल्या हातांनी लिहिणार कसं? त्या सांगत, शेजारी बसलेला लिहून घेई. नऊ वर्षं हा शेजारी म्हणजे त्यांचा विद्यार्थी डार्विन इरुरेता. आमच्याकडे आईबाप पोरांना थोरांची नावं ठेवतात आणि मग जन्मभर वाट बघतात. हा मात्र उशीर न करण्याच्या बेतानंच जन्मला होता. माते म्हणजे आमचा कडू चहा, एकाच पोकळ भोपळ्यातून आळीपाळीनं प्यायचा; बाकीचे तो भोपळा हातात धरून गप्पा हाणत बसायचे. हा दोन घोटांत संपवून परत द्यायचा आणि वही उघडायचा. असा शिष्य कोणाला आवडणार नाही?

समोर नवी वस्तू आली की मासा ठोके वाढवतो. तीच वस्तू पुन्हा पुन्हा आली की लक्ष देत नाही. म्हणजे त्याला आठवण राहते, आणि ती मेंदूतल्या कुठल्या गाठीत राहते हे बाईंनी हुडकून काढलं. पण दोनशे मासे तपासल्याशिवाय छापायचं नाही, हा त्यांचा हट्ट. एकशे सत्तर झाले होते तेव्हा डार्विन शिष्यवृत्तीवर परदेशी निघाला. आलेख काढायला म्हणून बाईंनीच वह्या त्याच्या हाती दिल्या.

आठ महिन्यांनी मासिक आलं. लेखात मासे एकशे सत्तरच, आणि खाली नाव एकट्या डार्विनचं. शेवटच्या ओळीत बाईंचे आभार, मासे पुरवल्याबद्दल.

"बाई, मासे तर मी पुरवले," मी म्हणालो. "माझंही श्रेय लाटलं बघा."

त्या हसल्या नाहीत.

त्याच वर्षी बाईंच्या पदाची मुदत संपत होती. दर पाच वर्षांनी विद्यालयाची परिषद मत देऊन पद पुढे चालू ठेवते. बाईच शिष्याच्या कामावर हक्क सांगताहेत, असं कोणीतरी पिल्लू सोडलं. तिघांची चौकशी समिती बसली. परत आलेल्या डार्विननं वह्या टेबलावर ठेवल्या: चौदाच्या चौदा त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात. बाई म्हणाल्या, शब्द माझे आहेत, एउदोरो तेचेराला विचारा, तो रोज तिथेच असतो.

माझ्या साक्षीच्या आदल्या रविवारी डार्विन माझ्या घरी आला. बायकोसाठी रताळ्याच्या मुरंब्याचा केक आणला होता. नव्या इमारतीत मोठं मत्स्यालय होणार आहे, त्याला प्रमुख लागेल, असं बरंच बोलला. दारात थांबून म्हणाला, "तेचेरा, खोटं बोलू नका. फक्त जास्त बोलू नका."

समितीतल्या तिघांनी विचारलं, बाई सांगायच्या आणि तो लिहायचा, की तो स्वतः बघून लिहायचा?

"मी मासे पकडतो, साहेब," मी म्हणालो. "कागदांकडे माझं लक्ष नसतं."

त्या तळघरात कोण कधी आलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाचा कोट उसना होता, हे सगळं मला तोंडपाठ. माझं लक्ष नसतं म्हणे. बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

सात विरुद्ध पाच मतांनी त्यांचं पद गेलं.

शुक्रवारी त्या सामान न्यायला आल्या. अकरा वर्षं मला एउदोरो म्हणत, बादली उशिरा आली की "कुठे मेला होतास?" विचारत. मी पुढे होऊन खोकं उचलायला गेलो. त्यांनी ते स्वतःच उचललं.

"सेन्योर तेचेरा," त्या म्हणाल्या, "टाकीत तीस मासे उरलेत. तेवढे नदीत सोडाल का तुम्ही?"

मी हो म्हणालो. त्या जिना चढून गेल्या.

मासे मी सोडले नाहीत. सोमवारी डार्विन बाईंच्या जागी रुजू होणार होता, आणि दोनशे पुरे करायला त्याला नेमके तीसच हवे होते.