अर्धं संत्रं

“कशाबद्दल?” रतनने विचारलं. गेली दोन वर्षं, दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तो हेच विचारत आला होता.

“आज जिन्यातला दिवा कुणीतरी लावून ठेवला होता,” शेजारच्या पलंगावरून कमरजहां म्हणाल्या. “एवढ्यासाठी अल्लाचे आभार मानू नयेत?”

“दिवा शेजाऱ्यानं लावला आसंल.”

“मग त्याचेही मानते.”

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यात डायलिसिससाठी दोघांचे पलंग शेजारी होते. रतन हडपसरचा, निवृत्त बस कंडक्टर. कमरजहां कसब्यातल्या, आयुष्यभर ब्लाउज शिवलेल्या. एरवी पोटॅशियममुळे संत्रं दोघांनाही वर्ज्य. पण मशीन सुरू झाल्यावर पहिल्या तासात दोन-चार फोडी खाल्ल्या, तर दीपाली सिस्टर कानाडोळा करी. म्हणून कमरजहां एक छोटं संत्रं आणत, आधी अल्लाचे आभार मानत ‘शुक्र’ म्हणत आणि अर्धं रतनला देत. देवाबद्दलचं रतनचं मत बायको गेली तेव्हाच पक्कं झालं होतं. संत्र्यावर मात्र त्याचा राग नव्हता.

त्या सोमवारी तो फोडी हातात घेऊन तसाच पडून राहिला. “बुधवारपास्नं मी येत न्हाई, आपा. पोरगा रजा काढून काढून थकला. मलाबी कटाळा आलाय ह्या सुयांचा.”

कमरजहांनी संत्र्याची साल कागदात गुंडाळली. मग म्हणाल्या, “तुमचा वाटा मी आणणारच. मला अर्ध्याच्या वर चालत नाही.”

“टाकून द्या.”

बुधवारी तो खरंच गेला नाही. गुरुवारी पाय सुजले, शुक्रवारी धाप लागली, आणि मुलाने त्याला जवळजवळ उचलूनच आणलं. पलंगावर टेकल्या टेकल्या त्याने शेजारी पाहिलं. पलंग रिकामा होता आणि चादरीची घडीही मोडलेली नव्हती.

“आपा?”

दीपाली त्याच्या हातात सुई बसवत होती. “काल सकाळी गेल्या. झोपेतच. सुनेचा फोन आला होता.” सुईवर चिकटपट्टी लावून ती फ्रीजकडे गेली आणि स्टीलची छोटी डबी घेऊन आली. “हे ठेवायला सांगून गेल्या होत्या. म्हणाल्या, रागीट माणूस आहे, पण येईल.”

डबीत अर्धं संत्रं होतं. दोन दिवसांत फोडी वरून सुकून कडक झाल्या होत्या.

“बुधवारी कशाबद्दल म्हनल्या?”

दीपाली मशीनकडे वळली. “शुक्र म्हणाल्या आणि तुमच्या पलंगाकडे बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, तू तरी विचार ना गं. मी म्हटलं, आजी, तीन पेशंट थांबलेत, नंतर.” ती मशीनचे आकडे पाहत होती. “नंतर राहूनच गेलं.”

रतनला फार लाज वाटली. दोन वर्षं त्याने टोमणा मारायला म्हणून विचारलं होतं, आणि त्या बाईने दर वेळी खरं उत्तर शोधून आणलं होतं. एका बुधवारी तिला नुसतं विचारणारं माणूस हवं होतं, तर हा घरी रुसून बसला होता.

मशीन सुरू झालं. मोकळ्या हाताने त्याने एक फोड सोडवून तोंडात टाकली. ती चिवट होती, पण आत रस होता.

“शुक्र,” तो म्हणाला.

“कशाबद्दल, काका?” दीपालीने विचारलं.

दुसरी फोड काढून त्याने तिच्या हातावर ठेवली आणि ती खाईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला.