तीन नावांच्या बदल्यात

मी बोलतेय, पण मान खाली घालून. मी एक बॅग आहे. निळी, दोन चाकांची, ओढायच्या दांड्याची. माझ्यासारखीला लोक सुट्टीची बॅग म्हणतात. स्वतःची कहाणी सांगायची तर थोडी फुशारकी लागते म्हणे. ती माझ्याजवळ नाही. मला कुणी विकत घेतलं नाही, मी फुकट आले. फुकट येऊन मी काय काय वसूल केलं, तेवढंच सांगायचं आहे.

जन्म एका मोठ्या शहराच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्यासारख्या शंभर जणी एका दिवसात शिवून निघाल्या. शिवणाऱ्याने माझी चेन एकदा ओढून पाहिली, ती सरकली. दुसऱ्यांदा अडकली, तेव्हा त्याने मला पुढे ढकललं. छातीवर सोनेरी अक्षरांत एका सहल कंपनीचं नाव आणि शेजारी नारळाचं झाड. त्या झाडाकडे बघून मला वाटायचं, आपण समुद्रावर जाणार.

२००६ साली मी पोचले ते गोंदियाच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये.

त्या हॉलमध्ये खोल्या विकत होते. अख्खी खोली नाही, तर दूर कुठल्या डोंगरावरच्या, समुद्रकाठच्या हॉटेलातल्या खोलीचा वर्षातला एक आठवडा, पंचवीस वर्षांसाठी. पैसे आधी. नवरा-बायको दोघांनी यायचं ही पक्की अट, म्हणजे ‘घरी विचारून सांगतो’ म्हणायची सोयच उरत नाही. कुणी सही केली की घंटी वाजे आणि सगळे टाळ्या पिटत. मग शेजारच्या टेबलावरचा, ज्याने अजून सही केलेली नाही तो, उगाचच चोरासारखा दिसू लागे. आम्ही बॅगा भिंतीशी रांगेत उभ्या. येणाऱ्याची नजर आधी आमच्यावर पडावी, अशीच आमची मांडणी होती.

रंजिता आली ती कडेवर दोन वर्षांची साक्षी, बाजूला नवरा लोकेश. साडीच्या दुकानात तिने एक कूपन भरलं होतं आणि ‘आपका नाम निकला है’ असा फोन आला होता. रंजिता बी.ए. झालेली. पण कुठेही जायचं म्हटलं की आधी पोरीचं औषध, मग दुसरं औषध, मग टोपी आणि मग ‘जावं की नको’ असा तिचा क्रम. लोकेश सालेकशाकडच्या एका शाळेत शिक्षणसेवक, म्हणजे पक्की नोकरी लागायच्या आधीची तीन वर्षं मानधनावर काढणारा मास्तर.

टायवाल्या माणसाने डोंगराचे फोटो पसरले. सुट्टीत कुठे जाता, असं विचारलं. लोकेशने खरं ते सांगितलं, मामाच्या गावाला जातो. माणूस हसला, पुढे सरकला आणि पगार विचारला. तोही लोकेशने खराच सांगितला.

‘परमनंट नहीं हो?’ त्याने विचारलं आणि पेनाला टोपण लावलं.

ते टोपण रंजिताने पाहिलं. घेण्याची तिची ऐपत नव्हती आणि इच्छाही नव्हती. पण आपल्याला काही विकायचीही कुणाला गरज वाटू नये, हे तिला लागलं. तेवढ्यात तो म्हणाला, ‘मॅडम, गिफ्ट तो ले जाइए. बस तीन नाम लिख दीजिए, नंबर के साथ. जिनकी हैसियत हो.’

हात हलवत परत जायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. पहिलं नाव लोकेशच्या शाळेचे मुख्याध्यापक हिरालाल सर. दुसरं अर्जुनीचे मामेसासरे जागेश्वर. तिसरं सुचेना, साक्षी रडायला लागली, आणि तिच्या हाताने तो नंबर लिहिला जो तिला झोपेतही पाठ होता. घरमालकीण सुशिलाबाईंचा. त्या नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्स. साक्षीला ताप चढला की रंजिता तोच नंबर फिरवायची. एकदा पोरीला तापात झटके आले, तेव्हा सुशिलाबाई अनवाणी धावत आल्या होत्या.

‘त्यायले इचारलं का?’ लोकेशने जिन्यात विचारलं.

‘फोनच करतील, आणखी काय,’ रंजिता म्हणाली आणि मला उचलून चालायला लागली. चाकं असूनही ओढलं नाही. कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून असेल.

हिरालाल सरांनी फोन आपटला. जागेश्वर मामांच्या नंबरात एक आकडा चुकला होता. तिसरा नंबर मात्र बिनचूक.

घरी सुशिलाबाईंनी मला पाहून चांगली आहे म्हटलं. रंजिता म्हणाली, बाजारातून घेतली. त्याच दुपारी तिने रॉकेलच्या बोळ्याने माझी सोनेरी अक्षरं घासली. कंपनीचं नाव निघालं. मला काहीच बोलता येत नव्हतं. आलं असतं तरी मी बोलले असते की नाही, याची खात्री देत नाही. मला घर हवं होतं.

आठ दिवसांनी सुशिलाबाई पेढे घेऊन आल्या. त्यांचंही नाव निघालं होतं! कुठे कूपन भरल्याचं आठवत नाही, पण निघालं. रंजिता माझ्यात साक्षीचे स्वेटर ठेवत होती. सांगायची वेळ तीच होती. त्या हॉलची घंटी, ते टोपण, ती तीन नावं, सगळं तिच्या ओठापर्यंत आलेलं मी पाहिलं. पण मग बॅगही सांगावी लागली असती.

‘नीट वाचून सही करा हं काकू,’ एवढंच ती म्हणाली. पुढची सात वर्षं ती स्वतःला समजावत राहिली की आपण सांगितलं होतं.

सुशिलाबाई आणि त्यांचे यजमान केशोराव सही करून आले. घंटी वाजली म्हणे, टाळ्याही. भिंतीशी या वेळी बॅगांऐवजी कुकर होते.

त्या फसल्या त्या हौसेपायी नाही. त्यांची एकुलती मुलगी प्रेरणा पुण्याला दिलेली. आणि केशोराव जुन्या वळणाचे, लेकीच्या घरचा दाणा खायचा नाही. नातू झाला तेव्हा दोघं पुण्याला गेले, बाळाला पाहिलं आणि इमारतीखाली उभं राहून स्टेशनवरून आणलेली बिस्किटं खाल्ली. रात्रीच्या गाडीने परत. लेक वर पोळ्या करून बसली होती. टायवाल्याने हे दहा मिनिटांत सुशिलाबाईंकडून काढून घेतलं आणि म्हणाला, ‘माँजी, ये तो आपका अपना घर हुआ. बेटी को अपने घर बुलाइए.’ त्या एका वाक्यावर केशोरावांनी सही केली. वर्षातून एक आठवडा स्वतःच्या घरी लेक-नातू, आणि नियमही शाबूत. निवृत्तीचा बराचसा पैसा तिथे गेला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते दरवर्षी तेच होतं. नातवाच्या शाळेला सुट्टी मे महिन्यात आणि दिवाळीत. सुशिलाबाईंच्या कागदावर आठवडा निघाला निळ्या रंगाचा, म्हणजे पावसाळ्याचा. उन्हाळा, दिवाळी लाल रंगात, त्याचे पैसे वेगळे. पावसाळ्यात नातवाची शाळा आणि इकडे केशोरावांच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, धानाची रोवणी. एकदा सगळं जुळवून आणलं, तर कंपनी म्हणाली जागा नाही. हॉलमध्ये मात्र ‘जब मन करे तब’ असं म्हटलं होतं. कागदात ते कुठेच नव्हतं. आणि जा किंवा जाऊ नका, देखभालीचा खर्च दरवर्षी भरायचा, दरवर्षी वाढलेला.

‘ज्या खोलीत म्या कधी पाय नाही ठेवला, तिचा झाडू-पोछा मीच भरून राहिली,’ सुशिलाबाई म्हणत.

कंपनीला पत्रं रंजिता लिहायची. सुशिलाबाईंना वाटे, पोरगी किती जीव लावते. रंजिता एकेक पत्र तीनदा लिही, ‘विनंती’ लिहावं की ‘तक्रार’ यावर अर्धी दुपार घालवी आणि झेरॉक्स माझ्यात ठेवी. ज्या पापाची तक्रार, त्याचे कागद माझ्याच पोटात. चेन अडकायची ती मुद्दाम नव्हे, पण मला बंद व्हायचंही नसायचं.

२०१३ साली ग्राहक मंचात जायचं ठरलं. वकिलाने सांगितलं, पहिल्यापासून काय घडलं ते साध्या भाषेत लिहून आणा. सुशिलाबाई दुपारी रंजिताकडे आल्या. कागद हवे म्हणून रंजिताने मला कपाटावरून उतरवलं आणि दोघींच्या मधे ठेवलं.

‘लिह,’ सुशिलाबाई म्हणाल्या. ‘मी काही यायच्या दारी गेली नव्हती. यायनंच फोन केला. यायले माहा नंबर भेटला कुठून, ते इचारा म्हणा.’

रंजिताचा पेन थांबला.

‘काऊन थांबली?’

‘काकू, नंबर मी दिला.’

बाहेर कुणीतरी पाण्याची मोटार लावली.

‘या बॅगसाठी,’ रंजिता म्हणाली. ‘तीन नावं मागितली होती. तिसरं सुचलं नाही. तुमचा नंबर पाठ होता.’

सुशिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जखम किती खोल आहे ते बघतात तसं. ‘बजारातून घेतली म्हणत होती.’

‘खोटं बोलले.’

‘अन् मी पेढे घेऊन आली, तवा?’

रंजिताने पेनाला टोपण लावलं.

‘नंबर देल्ला त्याचं काही नाही वो. माहा नंबर तं दवाखान्याच्या भिंतीवरही लिहून होता. पर तवा सांगतलं असतं, तं मी गेली नसती. तवा काऊन नाही बोलली?’

‘लाज वाटली.’

‘कायची?’

‘फुकटची बॅग आणली त्याची.’

सुशिलाबाई हसल्या. मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं, पण ते हसणं ऐकवलं नाही. मग त्यांनी कागद बोटाने रंजिताकडे सरकवला. ‘जे झालं तेच लिह. तुहं नाव टाक.’

रंजिताने लिहिलं. पूर्ण नाव, पत्ता आणि नवव्या ओळीत ‘बॅगेच्या मोबदल्यात’. तिचं अक्षर वळणदार आहे. त्या ओळीतही ते बिघडलं नाही. याचं तिला नंतर वाईट वाटलं.

‘आता खाली कर हे बॅग,’ सुशिलाबाई उठत म्हणाल्या. ‘माह्या नावावर आली, तं माही हाय.’

त्या मला घेऊन गेल्या. महिनाभर त्यांनी रंजिताच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. साक्षीला खोकला झाला, तेव्हा औषधाची बाटली खिडकीत आणून ठेवली, चमचासुद्धा, पण हाक मारली नाही. रंजिताने ती बाटली धुऊन परत खिडकीत ठेवली. आत चिठ्ठी घालावी का, यावर ती दोन दिवस विचार करत होती. शेवटी घातली नाही. काय लिहिणार?

सुशिलाबाईंच्या घरात मात्र वेगळंच भांडण पेटलं होतं. त्या केशोरावांना म्हणाल्या, सात वर्षं त्या खोलीची वाट पाहिली, नातू नऊ वर्षांचा झाला, आता मी पुण्याला जाते. केशोराव म्हणाले, जा, पण खायचं काय? तेव्हा सुशिलाबाईंनी मला उघडलं आणि माझ्यात तांदूळ ओतले. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पिकलेले, त्यांच्याच बांधीतले. वर लाखोरीची डाळ, मीठ, तिखट, तेलाची बाटली आणि कोपऱ्यात दोन लुगडी.

‘दाना आपला, मीठ आपलं. पानी नळाचं. नळ का जावयाचा हाय?’

केशोराव बराच वेळ पागोट्याशी खेळत बसले. मग त्यांनी आपला एक सदरा आणून माझ्यात, तांदळावर ठेवला.

निघताना सुशिलाबाईंनी घराची किल्ली रंजिताच्या हातावर ठेवली. रंजिता ती मूठ मिटून रिक्षा वळेपर्यंत फाटकात उभी राहिली.

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये माझं एक चाक निखळलं. सुट्टीच्या बॅगेत तांदूळ भरायचे नसतात. पुण्यात प्रेरणाने मला दारातून आत ओढलं, उघडलं आणि तांदूळ पाहून आधी रागावली, मग त्यातच हात घालून बसून राहिली. मी समुद्र पाहिला नाही. मला त्याची हुरहुर उरलेली नाही.

आता मी परत गोंदियात, सुशिलाबाईंच्या माजघरात एका चाकावर कलून उभी आहे. मंचाच्या तारखा पडतात. दोघी एकाच रिक्षाने जातात. वाटेत बोलतात की नाही, मला माहीत नाही. रंजिता अजूनही माझ्याकडे बघून नजर वळवते, आणि मी तिच्याकडे. चूक तिची होती, पण लालूच मी होते.

तुम्ही भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्या बहिणी कुठे पाहिल्यात आणि घरी आणल्यात, तर मी काय म्हणणार, त्यांनाही घर हवंच असतं. पण ज्याचं नाव तुम्ही लिहून आलात, त्याला त्याच दिवशी जाऊन सांगा. एवढीच विनवणी. एका दिवसाने ते अवघड होतं आणि आठ दिवसांनी पेढे येतात.

केशोराव मात्र खुशीत आहेत. पारावर, पानाच्या टपरीवर, ज्याला-त्याला सांगत असतात, लेकीकडे राहून आलो, पण दाणा आपलाच खाल्ला. मी ऐकते. पाचव्या दिवशी सकाळी प्रेरणाने माझ्या कोपऱ्यातले शेवटचे तांदूळ मुठीने गोळा केले होते. ते दोघं निघाले दहाव्या दिवशी. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि या एका गप्प राहण्याची मला लाज वाटत नाही.