आयतं ताट

माईने बेटावर येताना एकच गोष्ट मनाशी धरली होती. समुद्र, सूर्यास्त, नारळाची झाडं हे सगळं ठीक होतं, पण तिला हवं होतं ते म्हणजे दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं, वाफा निघणारं, आयतं ताट. लग्न झाल्यापासून तिने सगळ्यांना गरम वाढलं आणि स्वतः गार खाल्लं. कुणी छळ केला म्हणून नव्हे. शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत पहिली जेवणारी माणसं ढेकर देऊन उठलेली असत, आणि मग भांड्याच्या तळाशी जे उरेल ते ओट्यापाशी उभ्याने खायचं, असा घराचा रिवाजच पडून गेला होता. मुलीने तिकिटं हातात ठेवली तेव्हा बजावून सांगितलं होतं, "आई, तिथे तू फक्त बसायचंस. ताट समोर येईल."

ताट समोर आलंही असतं. पण बरोबर नवरा होता.

माईचा नवरा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होता. दुकानदाराचा काटा कितीही सरळ असो, त्याला तो कललेलाच दिसायचा. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा त्याने मोर्चा जेवणाकडे वळवला. घरात त्याला पाठीमागे सगळे परीक्षक म्हणत. माईच्या स्वयंपाकावर त्याचा शेरा ठरलेला असे: "मीठ जरा पुढे गेलंय." मीठ मागे राहिलं असलं तर "मीठ आहे का?" आणि अगदी बेताचं असलं तर तो काही न बोलता जेवायचा. माईच्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

प्रवासाआधी परीक्षकाने फोनवर पुष्कळ व्हिडिओ पाहून ठेवले होते. त्यातून त्याला कळलं होतं, की खरी स्थानिक चव जिथे टुरिस्ट जात नाहीत तिथेच असते. पाटी असली की चव संपली. चित्रांचं मेन्यूकार्ड असलं की तिकडे ढुंकूनही पाहायचं नाही. मालक हसतमुख असला तर सावध राहायचं. टेबल डुगडुगतं हवं आणि दारात एखादं कुत्रं झोपलेलं असलं तर फारच उत्तम.

तेव्हा पहिल्या संध्याकाळी राहत्या हॉटेलच्या जेवणघरात माई खुर्ची ओढून बसली न बसली तोच परीक्षक उठला. "इथे सगळे टुरिस्टच आहेत," तो म्हणाला. त्या रात्री तिघांनी केळी खाल्ली. तिसरा म्हणजे परीक्षकाचा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नव्हतं, वहिनीच्या हातचं खाऊन तो गोल झाला होता आणि भुकेपुढे त्याचं काही चालत नसे.

दुसऱ्या दिवशी बंदराजवळ एक खानावळ सापडली. पाटी नव्हती, टेबल डुगडुगत होतं, कुत्रंही होतं. आतून तळणीचा वास येत होता. माईने पदर सावरला आणि ती पाणी प्यायली. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक टोपीवाला आत शिरला.

"चला," परीक्षक म्हणाला. "आता इथे काही राहिलं नाही."

"दादा, टोपी आपल्याही डोक्यावर आहे," भाऊजी कळवळून म्हणाले.

"आपली गोष्ट वेगळी आहे. आपण शोधतोय."

शोधात बिस्किटांचे पुडे संपले. परीक्षक दिसेल त्याला गाठून विचारायचा, तुम्ही स्वतः कुठे जेवता? केशकर्तनालयातला म्हणाला, घरी. छत्रीवाला म्हणाला, घरी. पोस्टातली बाई तर "म्हणजे काय?" असं म्हणून बघतच राहिली. ज्या गोष्टीसाठी हा माणूस समुद्र ओलांडून आला होता ती बेटावरच्या प्रत्येकाच्या घरात रोज दोनदा शिजत होती. याच्या स्वतःच्याही घरात शिजत होती, पण हे त्याला कुणी सांगायचं?

शेवटी भाड्याच्या गाडीत बसल्यावर गाडीवाल्यानेही "घरी" म्हटलं आणि परीक्षकाचे डोळे चमकले.

"मग तुमच्या घरीच न्या."

गाडीवाला हुशार होता. आरशातून त्याने गिऱ्हाईक जोखलं. "माझ्या वहिनीसारखा हात अख्ख्या बेटावर नाही," तो म्हणाला. "पण ती वाट्टेल त्याला वाढत नाही."

झालं, परीक्षक विरघळला.

घर गल्लीच्या टोकाला होतं. ओटीवर बाकडं, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक, कोपऱ्यात वाळत घातलेले शाळेचे मोजे. पाटीचं नावही नव्हतं. गाडीवाला आत गेला आणि आतून कुजबुज ऐकू आली, मग एक भांडं आपटल्याचा आवाज. परीक्षकाने भावाकडे अर्थपूर्ण पाहिलं. "बघ. मालकीण तिरसट आहे. योग्य ठिकाणी आलोय."

माई हात धुवायला म्हणून आत गेली. स्वयंपाकघरात गाडीवाल्याची वहिनी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसली होती. गाल टम्म सुजलेला, हनुवटीपासून डोक्यापर्यंत फडकं बांधलेलं. ओट्यावर अर्धवट साफ केलेले मासे पडले होते.

"दाढ," ती तोंडाच्या एका बाजूने म्हणाली. "आणि हा न विचारता माणसं आणतो. नेहमीचंच आहे याचं."

गाडीवाला खाली मान घालून उभा होता. माईने त्याला नखशिखांत न्याहाळलं. या जातीचा माणूस तिला अनोळखी नव्हता.

आता तिने बाहेर जाऊन खरं सांगितलं असतं तर परीक्षक पुन्हा शोधाला निघाला असता. पोटात कावळे ओरडत होते. आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, ते काही नुसत्या दाढेचं नव्हतं. माईला राग आला, कीव आली आणि तिने नाइलाजाने पदर खोचला.

"हिला आधी दातांच्या डॉक्टरकडे ने," ती गाडीवाल्याला म्हणाली. "मागच्या दाराने. मासे मी बघते."

वहिनीने बोटानेच मीठ, तेल, तांदूळ दाखवले. परक्या घरात शिरलेल्या बाईला ओट्यापाशी फार ओळख लागत नाही. माईने मासे धुतले, नारळ खवला, मिरच्या-लसूण वाटले. बरणीत वाळवलेली कसलीतरी फळं होती. एक जिभेला लावून पाहिलं, आंबट निघालं, दोन टाकली. भात चढवला.

बाहेरून परीक्षकाचा आवाज आला. "आत आहेस ना? नीट बघून ठेव त्या कसं करतात ते. मध्ये लुडबुड करू नकोस."

माईने पळी अंमळ जोरात ठेवली.

तिनेच वाढलं, "मदत करतेय" म्हणून. भाऊजींनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थबकला. वर्षानुवर्षं खाल्लेली चव जीभ विसरत नाही. त्यांनी माईकडे पाहिलं, माईने त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजींनी मान खाली घातली आणि भात मागितला.

परीक्षकाने मात्र डोळे मिटले होते. "ही," तो म्हणाला, "ही खरी चव. याला पिढ्या लागतात. ही खारी हवा, हे पाणी. आपल्याकडे हे कुणाला जन्मात जमायचं नाही." त्याने कालवणाचे फोटो काढले, बोटं चाटली, तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "त्या बाईंना बाहेर बोलाव. मला त्यांना हात जोडायचेत. अन्नपूर्णा आहे, अन्नपूर्णा."

माई पातेलं हातात धरून उभी होती. तिला आधी आनंद झाला, अगदी नव्या नवरीसारखा, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते आले, आणि आले ते दुसरीच्या नावावर. पातेल्यात पाहिलं तर तळ दिसत होता. तिच्यासाठी घोटभर कालवणही उरलं नव्हतं.

"मीच केलंय," ती म्हणाली.

"काय?"

"हे सगळं. त्या बाई दाढ दाखवायला गेल्यात."

परीक्षकाचा घास तोंडातच राहिला. मग तो सावकाश चावू लागला. खात्यातली सगळी नोकरी त्याच्या चेहऱ्यावर परत आली.

"तरीच," तो म्हणाला. "तरीच मला मघापासून वाटत होतं, मीठ जरा पुढे गेलंय."

भाऊजींनी ताटावरून हात उचलला. तेवढ्यात गाडीवाला वहिनीला घेऊन परत आला. तिचा अर्धा चेहरा बधिर होता, पण डोळे निवळले होते.

माईने पातेलं खाली ठेवलं आणि चपला पायात घातल्या. "गाडी काढ," ती गाडीवाल्याला म्हणाली. "जे पहिलं हॉटेल दिसेल तिथे थांब. तुझ्या वहिनीलाही बसव. थंड चालतं ना गं? मग आइस्क्रीम खाशील."

"तसल्या ठिकाणी मी येणार नाही," परीक्षक म्हणाला.

"तुम्ही कशाला येताय? तुम्ही जेवलात. मोरीत भांडी आहेत, आणि या घरच्या बाईला आज बरं नाही."

परीक्षकाने मोठ्या आशेने भावाकडे पाहिलं. भाऊजी बाह्या वर सारत उठले. "दादा, तू घास, मी विसळतो," ते म्हणाले.

पहिलं हॉटेल रस्त्यावरच होतं, दिव्यांच्या माळांचं, टुरिस्टांनी गच्च भरलेलं. कालवण पांचट होतं, भात बोटाला चिकटत होता. शेजारी वहिनी बधिर ओठांनी आइस्क्रीम सांडत, हसत, पुसत होती. वेटरने येऊन अदबीने विचारलं, "मॅडम, कसं झालंय जेवण?"

"गरम आहे," माई म्हणाली आणि तिने पुढचा घास घेतला.